पाच दिवे आणि लोकरीची दोरी

आये, गेल्या महिन्यात बारामतीला जाऊन मी एक यंत्र आणलं. त्याच्या दोन डब्या असतात. एक बाळाच्या झोळीजवळ ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. मधे भिंत असो की अंगण, बाळ रडलं की आपल्याजवळच्या डबीतून ते ऐकू येतं. तू असतीस तर हसली असतीस. पोराचं रडू ऐकायला लोक यंत्र विकत घेतात म्हणून शेजारणीला सांगितलं असतंस, तेही तुझ्या त्या मोठ्या आवाजात, चार घरांपलीकडं जाईल असं.

बाळ तुझ्या नातीचं. ती माझ्या पोटात असताना तू गेलीस, त्यामुळं तिला तू म्हणजे फक्त मी सांगितलेल्या गोष्टी. बाळंतपणाला ती इंदापूरला माझ्याकडं आली आणि परीक्षेपर्यंत राहिली. शिक्षिका व्हायची परीक्षा, सहा पेपर, केंद्र बारामतीला. सकाळच्या एसटीनं जायचं, चारपर्यंत परत. तेवढा वेळ तीन महिन्यांचं बाळ माझ्यावर. मी शाळेतून रजा घेतली होती. आमच्या घरात पुढं खोली, मग अंगण, मग मागं स्वयंपाकघर. झोळीचा हूक पुढच्या खोलीत. ती म्हणाली, तू मागं असलीस आणि हा उठला तर? म्हणून यंत्र. मी लगेच हो म्हटलं, कारण यंत्राची खरी गरज मला होती आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

भिगवण रस्त्याला रेडिओ-टेपचं एक दुकान आहे. म्हातारे चाचा मुंबईहून असला माल आणतात. त्यांच्याकडं दोन प्रकार होते. एक साधं, नुसता आवाज देणारं, वर एक चकती फिरवायची. दुसरं दुपटीहून महाग, त्याला चकती तर होतीच, शिवाय ओळीनं पाच तांबडे दिवे. बाळ जितक्या जोरात रडेल तितके दिवे जास्त लागतात. मुलगी लगेच म्हणाली, "आई, साधंच घे. दिवे कशाला? आपल्याला कान आहेत की." चाचाही म्हणाले, "खरं हाय ताईंचं. दिवं लग्नाला लावावं, पोराला कशाला?" मुलगी हसली आणि औषधाच्या दुकानात ग्राइप वॉटर आणायला गेली. चाचांनी साध्या यंत्राची एक डबी काउंटरवर माझ्या डाव्या हाताशी ठेवली, आतून बोलून दाखवतो म्हणाले आणि तिच्या जोडीची घेऊन आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मी म्हटलं, "लावताय ना?" त्यांनी साधी डबी उचलून खोक्यात ठेवली आणि दिव्यांचं यंत्र पुढं सरकवलं. मग काउंटरला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आले. "हेच न्या. माझ्या अब्बांचं बी असंच व्हतं," एवढंच म्हणाले. मुलगी परत आल्यावर मी तिला सांगितलं, साध्याची वॉरंटी नाही. चाचांनी मान खाली घालून सुतळी बांधली. त्यांनी माझ्या खोट्याला हातभार लावला की मला झाकलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर आये, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आधी वाटलं मळ असेल. मग वर्गातल्या डाव्या रांगेतल्या मुली फारच शांत झाल्यात असं वाटायला लागलं. आता उजव्यानंही कुणी पाठीमागून बोललं तर नुसती गुणगुण येते. तुझं ऐकणं लहानपणीच्या तापात गेलं असं सगळे म्हणायचे, पण मला हे तुझ्याकडूनच आलं असावं असं वाटतं. तसं वाटून घेण्यात मला थोडं बरंही वाटतं, हेही लिहून ठेवते.

तू मात्र कधी लपवलं नाहीस. मेंढरं विकून तात्या माळेगावच्या कारखान्यात लागले आणि तू पिंपळीत लोकांच्या रानात खुरपायला जायला लागलीस. नव्या रानात पाय ठेवला की मालकिणीला तुझं पहिलं वाक्य, "मला ऐकू येत न्हाय. म्होरं येऊन बोला." नाव-गाव त्यानंतर. भाऊ तेव्हा तान्हा. बांधावरच्या लिंबाला झोळी, आणि झोळीपासून तुझ्या दंडापर्यंत लोकरीची लांब दोरी. तात्यांनी चातीवर कातलेली, काळी-पांढरी. बाळ हललं की दोरी ओढली जायची. नुसती कूस बदलली तर तू खुरपत राहायचीस, रडायला लागलं तर उठायचीस. हा फरक तुला दंडावर कसा कळायचा, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा सहा वर्षांची. भुईमुगाचं रान. तू खुरपं धुवायला पाटावर गेलीस, दोरी सोडून माझ्या हातात दिलीस आणि जागेवर बस म्हणालीस. मी काय केलं? झोळीकडचीही गाठ सोडली आणि दोरीवरच्या उड्या मारायला बांधाच्या पार टोकाला गेले. झोळीत मुंग्या चढल्या. भाऊ निळा पडेपर्यंत रडला. तू पाटावर पाठमोरी, खुरपं घासत होतीस. शेवटी पलीकडच्या वाफ्यातली बाई धावली. तू मला मारलं नाहीस. त्याच्या अंगावरच्या मुंग्या एकेक करून काढल्यास, मग माझ्या हातातून दोरी घेतलीस.

"ही दोरी म्हंजी माजा कान हाय. माजा कान कापून खेळत व्हतीस व्हय गं?"

आणि दिवस मावळेपर्यंत ती माझ्या दंडाला बांधून ठेवलीस. त्या दिवशी मला कळलं की झोळीतलं बाळ झोपेतही सारखं काहीतरी सांगत असतं.

मोठी झाल्यावर मला तुझ्या त्या पहिल्या वाक्याची लाज वाटायला लागली. मॅट्रिकच्या निकालानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी तुला बारामतीला शाळेत बोलावलं, तेव्हा वाटेतच मी खुणांनी सांगितलं, आत गेल्यावर ते म्हणू नकोस. तू माझ्याकडं बघितलंस आणि पदर सारखा केलास. आत बाई खाली मान घालून, कागद चाळत बोलत होत्या. तुला ओठसुद्धा दिसत नव्हते. मी तुझा हात धरून उभी होते. "मुलीला कॉलेजला घालणार ना? मी फॉर्म भरून घेते," बाई म्हणाल्या, आणि तू मान हलवलीस. तात्यांनी त्या उन्हाळ्यात माझं लग्न करायचं ठरवलं होतं. घरी आल्यावर ते केवढे तापले! तुझ्यासमोर येऊन ओरडले, "कशाला हो म्हणून आलीस, ठावं तरी हाय का?" तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस. म्हणालीस, "बाई काय म्हणल्या मला काय ठावं. पोरीनं माजा हात घट्ट धरला व्हता, तवा मान हलवली." तात्या हसायला लागले. मी कॉलेजला गेले ते तशी. आज मी दुसऱ्यांच्या मुलींना शिकवते ते त्या मान हलवण्यावर. मी तुझं तोंड बंद केलं होतं आणि तरी तू माझंच ऐकलंस.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशीची सकाळ. मुलगी न्हायला गेलेली, मी मागं भाकरी करतेय. डबी फळीवर ठेवली होती, आधी बघून घेतली होती, एकही दिवा नव्हता. पण भाकरी थापताना नजर परातीत असते आणि तव्यावर टाकताना तव्यावर. दिवे बघायला डोळे मोकळे लागतात, हे मी दुकानात लक्षातच घेतलं नाही. तिसरी भाकरी उलथली आणि मागून कुणीतरी खांदा धरला. ओल्या केसांची मुलगी, कडेवर लालबुंद झालेलं बाळ. फळीवरचे पाचही दिवे लागून, मी न बघताच विझले असणार.

"आई! न्हाणीत ऐकू आलं मला, दार लावलेलं असताना! तू काय करतेस?"

मी म्हटलं, थापण्याचा आवाज होता. तिनं बाळाला माझ्याकडं दिलं, डबी उचलून कानाला लावली, चकती फिरवली, हलवून बघितली. मग पुढं गेली. मी मागोमाग गेले तर ती यंत्र खोक्यात भरत होती. पाठमोरीच बोलत होती. मला तुकडे ऐकू आले. म्हातारा, फसवलं, परत. मग ती वळली आणि पुढचं मला तिच्या ओठांवरून नीट कळलं. "असल्या यंत्राच्या भरवशावर मी याला सोडून जाणार होते. नाही द्यायचे मला पेपर. यंदा नाही तर नाही."

मी गप्प बसले असते तर चालून गेलं असतं. दोष यंत्राला गेला असता, चाचांना गेला असता. मी तसं क्षणभर मनात धरलंही. मग बाळानं माझ्या मानेशी तोंड घातलं आणि मी म्हटलं, "यंत्र चांगलं आहे. मला ऐकू येत नाही. म्होरं येऊन बोल."

हे शब्द माझे नव्हते, ते तिलाही जाणवलं. घरात कुणी असं बोलत नाही. ती समोर येऊन बसली. "कधीपासून?" मी दोन बोटं दाखवली. "महिने?" "वर्षं." तिचे डोळे भरले, पण ते रागानं. "आणि बाळ सांभाळते म्हणालीस? मला न सांगता?" बाळाला मांडीवर घेऊन मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, दोरी आणि मुंग्यांसकट. आये, तुझं मेंढरांमागं चालणं, तुझी मिरचीची भाकर, तुझा हट्टीपणा, सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं. तू बहिरी होतीस हे तेवीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "दोरी केवढी लांब होती?"

बाळाच्या स्वेटरची लोकर उरली होती. दोघींनी बसून तिची तीन पदरी वेणी घातली. एक टोक झोळीला, खिडकीतून बाहेर, अंगण ओलांडून, दुसरं माझ्या दंडाला. ती झोळीजवळ गेली, मी चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. दोरी ओढली गेली की हात वर करायचा. तिनं पंधरा-वीस वेळा तपासलं. मधे मुद्दाम थांबून मला फसवायला बघितलं. दुसऱ्या दिवशी एसटीत चढण्याआधी माझ्या अगदी समोर येऊन म्हणाली, "दोरी सोडून कुठं उड्या मारायला जाऊ नकोस." सहाही पेपर झाले. माझ्या दंडावर वळ उठला होता. कूस बदलणं आणि रडणं यातला फरक तिसऱ्या दिवसापासून कळायला लागला. तो सांगता येत नाही, हेही कळलं.

परवा ती बाळाला घेऊन सासरी गेली. जाताना मला कानाच्या डॉक्टरांकडं जायचं वचन घेऊन गेली, आणि मी जाणार आहे. यंत्र न्यायचं मात्र ती विसरली, असं तिला वाटतंय. ती गेल्यावर मला तुला हे सगळं लिहावंसं वाटलं. तुला अक्षर कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी हा कागद पाठवायला पत्ता नाही. तो यंत्राच्याच खोक्यात ठेवीन. खोकं मीच कपाटात मागं सारलं, आये. दोरी बांधल्यावर त्या यंत्राची गरज उरली नव्हती, तरी मी ते रोज लावत होते. ते बाळ झोळीत एकटंच पडल्या पडल्या हसायचं, तेव्हा पाचातला पहिला दिवा लागायचा आणि विझायचा; पहिल्यांदा लागला तेव्हा मी जाऊन बघितलं होतं. ते हसू मला एरवी कळलंच नसतं.