गॅरेजच्या कोब्याला लेप

२ फेब्रुवारी, सोमवार
प्रज्ञानं आज पक्कं केलं. हळद शिजवायचे चाकांवरचे मोठे कुकर दुरुस्तीला यायच्या आत गॅरेजच्या कोब्याला लेप द्यायचा. दिवाळीपासून गॅरेज सूनबाईच्या हातात आहे, माझे गुडघे गेले. गिऱ्हाईक अजून मलाच विचारतं, "म्हातारबा, पोरीला जमंल का?" त्यात हे तिचं पहिलं मोठं काम. लेप ऐन हंगामात उखडला तर गिऱ्हाईक सरळ नांदेड रोडच्या गॅरेजला जाईल, आणि बोल तिला लागेल.
कोबा मीच घातलेला. तेल पिऊन काळा झालाय. पडलेला बोल्ट दिसत नाही.

४ फेब्रुवारी
एक दुकानदार म्हणतो ऑइलपेंट मारा. दुसरा म्हणतो टाइल बसवा. प्र. नं दोघांचं ऐकलं, चहा पिला, आली. मी टाइलच्या बाजूनं बोललो. "मामा, जॅकखाली टाइल दोन दिवस तरी टिकंल का?" खरं आहे.
पडवीत काँक्रीटचे तुकडे पडले होते, त्यांना एकेक रंग मारून ठेवलाय. ऑइलपेंट, सिमेंटचा रंग, दोन डबे कालवून लावायची इपॉक्सी, आणि इपॉक्सीवर वरून आणखी एक पारदर्शक हात.

६ फेब्रु.
तुकड्यांचे हाल. डिझेल ओतलं, ब्रेक ऑइल ओतलं, बॅटरीचं पाणी, वर साखळी ओढली. ऑइलपेंटला ब्रेक ऑइल लागल्यावर तापल्या दुधावर साय धरावी तशी सुरकुती आली. सिमेंटचा रंग बोटाला लागला. मग प्र. नं हळद कालवून सगळ्यांवर थापली. हे कोणत्या दुकानदाराच्या डोक्यात आलं असतं? आपल्याकडं गॅरेजात हळद येणारच की. सकाळी पुसली तर सगळे पिवळे. वरून हात दिलेला तेवढा निघाला स्वच्छ.
ठरलं. इपॉक्सी, आणि वर तो हात.
आमची मंडळी म्हणाली, "जन्मभर तेलात लोळले, आता कोब्याचे लाड." हसली पण.

८ फेब्रु., रविवार
धुणं. सोडा टाकून घासलं. प्र. नं ओंजळभर पाणी टाकलं, अळूच्या पानावर राहावं तसं गोळा होऊन राहिलं. म्हणजे तेल अजून आत. परत घासलं. परत पाणी. असं करत करत संध्याकाळी पाणी जिरलं तेव्हा पोरीनं कंबर सरळ केली. पोरगा सुनील एसटीची ड्युटी करून आला, त्यालाही ब्रश दिला. बायकोपुढं गुमान घासत होता.
डब्यावरचा कागद तिनं दोनदा वाचला. मी इंजिनाला कान लावायचो, तशी मन लावून वाचते. घाई नाही.

११ फेब्रु.
काल यंत्रानं कोबा खरडून घेतला, आज लेप. दोन डबे एकत्र केले की आपोआप गरम होतं, हात लावून पाहिला. पाय घसरू नये म्हणून वर बारीक वाळू पेरली. दुपारपर्यंत पावसात धुतलेल्या पाटीसारखा कोबा. मी दारातच उभा. आत पाय टाकायची हिंमत होईना.
तांड्यावरचा हिरामण राठोड आला. त्याचा कुकर पहिला येणार. म्हणाला, "हा कोबा हाय का आरसा? दाढी करून घेऊ का?" मग हळूच मला, "टिकंल ना म्हातारबा?"

१२ फेब्रु.
काय लिहू.
सकाळी लवकर गेलो. नवा कोबा दिसला आणि हात चालले. आयुष्यभर नव्या सिमेंटच्या कामाला पाणी मारलंय, न मारलं तर फुटतं. बादल्या भरून मारलं. कोपऱ्यात ओलं पोतं पण अंथरलं, जिवाचं समाधान म्हणून.
प्र. चहा घेऊन आली. बघून उभी राहिली.
"मामा, थांबा."
एवढंच. पोतं उचललं तर खाली राख फासल्यासारखं पांढरं. हा लेप सिमेंट नाही, सुकेपर्यंत त्याला पाण्याचा थेंब चालत नाही.

१३ फेब्रु.
तिनं लेपवाल्या कंपनीच्या माणसाला फोन केला. पांढरं झालेलं घासून काढा, कोरडं करा, परत लेप द्या, म्हणे. धरंल का, हे त्यानं छातीठोक सांगितलं नाही. प्र. गुडघ्यावर बसून घासायला लागली. मी म्हणालो, मला दे. पॉलिश पेपरचा अर्धा तुकडा फाडून दिला. "पाणी मायेनं मारलं व्हय तुमी, पण लय मारलं." दोघं हसलो. गुडघे दुखले, दुखू देत.
तेवढ्यात हिरामण. "हे पांढरं काहून?"
ती म्हणाली, "माझ्याकडून ओल राहिली, काका."
मी तिथंच होतो. मान खाली घालून घासत राहिलो.

१४ फेब्रु.
हिरामणच्या घरी जाऊन सांगितलं, ओल तिची नाही, पाणी मी मारलं. त्यानं विचारलं, "मग ती तसं काहून म्हणली?" म्हणालो, मला झाकायला. म्हणाला, "कुकर तिच्याकडंच आणतो."
घरी कुणाला बोललो नाही. प्र. ला कळलंच. संध्याकाळी माझ्या ताटात ठेचा जास्त होता.
कोपऱ्याला दुसरा लेप दिला.

१६ फेब्रु.
वरचा हात झाला. कोपरा कोणता, आता मलाही ओळखू येत नाही. दाराला कुलूप, किल्ली तिच्याकडं. बरं केलं.

२५ फेब्रु., बुधवार
हिरामणचा कुकर आला, ट्रॉलीसकट, भला मोठा. मी म्हणालो मधोमध घे, तिथं लेप चांगला बसलाय. तिनं त्याच कोपऱ्यात घेतला. चाक काढायचं होतं, जॅक नेमका तिथंच लावला. मी फळी आणली खाली सारायला.
"फळी नको मामा. काय व्हायचं ते आपल्या घरच्या गिऱ्हाइकासमोर होऊ द्या."
कुकर वर गेला. सगळा भार तेवढ्या जागेवर. चाकाचं बेअरिंग उद्या मिळेल, तोवर तसाच राहणार. वाकून पाहिलं, जॅकच्या बुडाखालचं काही दिसत नाही; लेप धरला का, ते कुकर उतरल्यावरच कळेल.
हिरामण म्हणाला, "भावाचा पण कुकर हाय, आणू का?"
प्र. हात पुसत म्हणाली, "आधी हा खाली उतरू द्या, काका."