सायकल फिक्स

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, म्हणून आधी कान पकडतो. कामाचा रगाडा होता असं लिहून खोडलं. रगाडा नव्हता, भीती होती.

मागच्या आठवड्यात मी तुला फोनवर दोन शब्द धाडले : सायकल फिक्स. तुझं उत्तर आलं की तू दवाखान्याच्या दारावर महिनाअखेरीस आठ दिवस बंदची पाटी लावलीस, दुखऱ्या दातांना डिसेंबरच्या तारखा दिल्यास, आणि दीड वर्षानं गुडघ्याच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आपली सफर ठरली म्हणून भावजींना मिठी मारलीस. ताई, मी सफर ठरवली नव्हती. सायकल फिक्स केली होती. म्हणजे फिक्स्ड गिअरची. आणि सायकल तुझी होती, माझ्या जिन्याखाली ठेवलेली.

गिअर गंजले होते. साफ करायला काढले, मग वाटलं, नसले तर किती सुटसुटीत दिसेल! मागच्या चाकाला एकच दातेरी चकती घट्ट बसवली, साखळी आखूड केली, ती सरळ रेघेत यावी म्हणून दोन रविवार घालवले. दिसते देखणी. पण चाक फिरतं तोवर पेडल फिरतं. पाय थांबवायची सोयच नाही. परवा उतारावर सवयीनं पाय थांबवून खिशातलं उकडलेलं अंडं काढायला गेलो, तर पेडलनं मला उचलून कुंपणात टाकलं. अंडं शाबूत आहे.

तुझा गुडघा हिच्यापुढे टिकणार नाही, आणि जुने गिअर मी भंगारात दिले. दिवसभर लोकांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या तपासणारा मी, आणि एका शब्दात ही गत! शिवाय न विचारता केलं, ही चूक म्हणायची की चोरी, हे अजून ठरत नाही.

गिअर नसले तरी लोभ असू दे.

तुझा
धाकटा


१७ नोव्हेंबर

चि. काथ्याकूट यास,
अ. उ. आ.

चोरी. ठरलं, आता झोप.

पत्र वाचलं तेव्हा खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते. मी तुला मेल्या म्हटलं, ते त्यांनी स्वतःला लावून घेतलं आणि बिलाआधीच उठले.

नंतर रडले, हातमोजे काढून. दीड वर्ष फिजिओकडे पाय उचलताना मी एकच उतार डोळ्यांसमोर ठेवला होता. पाय निवांत, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात लोणी लावलेला पाव. माझी सफर म्हणजे एवढंच रे. तुझी म्हणजे किलोमीटरला दोन या हिशोबानं मोजून आणलेली बिस्किटं. मागच्या सफरीत तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून कोण रडलं होतं, ते मी तुझ्या भावजींना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा ऐक. सफर रद्द नाही. तुझी गिअरची सायकल मी घेणार, माझी तू चालवायची. स्टोव्ह, भांडी, कांदे, अंडी तुझ्याकडे. दुपारी गरम जेवण, बसून, बिस्किटांचं नावही काढायचं नाही. उतारावर मी खात जाईन, तू पाय मारत ये. तसंही तुझं मन जन्मापासून फिक्स्डच आहे, उतारावरसुद्धा थांबत नाही. ब्रेक ठेवलायस ना? नसेल तर बसव. भाऊ एकच आहे, तोही असला.

राग आहे. पहिला उतार संपेपर्यंत राहील.

आशीर्वाद आहेतच, ते काय भंगारात देता येत नाहीत.

ताई


२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढचा ब्रेक बसवला, तीनदा तपासला. आज तुझ्या सायकलवर स्टोव्हसकट टेकडीपर्यंत जाऊन आलो. माझे गुडघे हनुवटीला लागतात. चढ बरा, उतार शिक्षा. न्याय्य वाटलं. मग वाटलं, शिक्षा न्याय्य वाटली की ती कमी होते का? या प्रश्नाचं उत्तर पाठवू नकोस.

माझ्या सायकलची सीट तुझ्या मापाची केली, गिअर हलके करून घेतले. हँडलच्या पिशवीत पावाचा डबा उजवीकडे ठेवला होता. मग आठवलं, तू डावखुरी. पिशवी उसवून कप्पा डावीकडे शिवला, म्हणजे उतारावर उजवा हात ब्रेकवरून काढावा लागणार नाही.

ये. लोभाचं तेव्हाच बोलू, पहिल्या उताराच्या पायथ्याशी.

डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ आहे : लोणी आणणे.

धाकटा