फुलसावंगीच्या अंबाडीचं बी

ती. सुनीतीआत्या,

दारव्ह्याहून मंदारचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिने चढू नका म्हणाला म्हणून तू डॉक्टरच बदललास, असं आभा सांगत होती. (बरं केलंस. त्याचा स्वतःचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर!) आम्ही दोघं नवराबायको खुशाल आहोत. माझी खुशाली मात्र नावापुरतीच.

एवढं शिकून तू शेतात नेमकं करतोस काय, असं तू नेहमी विचारतेस. तर ऐक. पोती ज्या ज्यूटची होतात त्याला पाणी फार लागतं, ते आपल्या रानात कुठलं? म्हणून त्याच्याच भावकीतल्या अंबाडीचं, भरपूर धागा देणारं वाण काढायचं काम मी घेतलं. गावोगावचं बियाणं आणून ओळीओळीने पेरलं. कुठलं झाड उंच, कुठलं बुटकं, कुठलं बुडाशी जाड. सगळी सारखीच निघाली तर निवडायचं काय, म्हणून असा फरक दिसला की मी खूश होतो. शिवाय कुठला गुण कुठल्या गुणाचा हात धरून येतो तेही बघायचं. उंच आणि बुडाशी जाड झाडाला धागा जास्त. फुलायची घाई करणारं झाड वाढायचंच विसरतं. (आपल्या घरात उंचीबरोबर हट्ट येतो, तसंच हे.)

फुलसावंगीच्या बियाण्याची ओळ बघून तर मी हरखलोच. आतल्या टोकाला सरळसोट उंच झाडं आणि रस्त्याकडे बुटकी, झुडपासारखी फांद्या फुटलेली. आमच्या कचेरीचे मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा, हा फरक रक्तातलाच, यांच्या आईबापांतच दोन प्रकार मिसळलेत, असं मी तावातावाने सांगत सुटलो. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात आमच्या शेतावर कामाला असलेल्या लालीबाई ओटीत पाला घेऊन समोरून आल्या. कुठून आणला विचारलं तर म्हणाल्या, "रस्त्याकडून खुडून राह्यलो ना जी आमी. इतक्या आत कोन जाते?"

आता शेंडा खुडला की झाड फांद्या फोडतं, हे तुलाही ठाऊक आहे. आणि अंबाडीची भाजी कुणाच्याही धुऱ्याबांधावरून न विचारता खुडावी, हा इकडचा रिवाज. येणारीजाणारी प्रत्येक बाई तिथे थांबत होती आणि मी तिच्या भाजीला आनुवंशिकता म्हणत होतो! साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मला भयंकर राग आला. हे संशोधनाचं पीक आहे, खायचं नाही, असं मी लालीबाईंना सुनावलं. त्या म्हणाल्या, "मंग अंबाडी काहून पेरली?" मी टोपी घातली आणि तिथून निघालो.

सुदैवाने आतली उंच झाडं शाबूत होती. त्यांना मी स्वतःच्या हाताने काट्यांचं कुंपण घातलं. बी धरलं, वाळवलं आणि डबीत भरून घरी फडताळात ठेवलं, कारण आमच्या कचेरीत उंदीर फार. हे बी पावसाळ्यात पेरलं तरच वाण पुढच्या चाचणीला जाईल, नाहीतर सगळं पहिल्यापासून. दिसेल ते तोंडात टाकणाऱ्या लोकांपायी विज्ञान कसं अडतं, हे तुझ्यासारख्या समंजस बाईला पटेल. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार

ता. क. संक्रांतीला आली होतीस तेव्हा तू चटणीसाठी अंबाडीचं बी मागितलंस आणि आभाने फडताळातली डबीच तुझ्या हाती ठेवली, हे मला आज कळलं. थोडं जरी कच्चं उरलं असेल तर कृपा करून भाजू नकोस. दारव्ह्याच्या जीपवर साजिदभाई असतात, त्यांच्याकडे दे. मूठभरही पुरे. मी अगदी रडकुंडीला आलो आहे.

दुसरा ता. क. मागच्या आठवड्यात तू पाठवलेली चटणी मी एकट्याने संपवली. गरम भाकरी, वर कच्चं तेल. आभाला चाखायलासुद्धा ठेवली नाही. बरणी पुसता पुसता मी तिला विचारलं, आत्याला इतकं झकास बी मिळालं कुठून गं? तेव्हा डबीचा उलगडा झाला. आता बी कुणी खाल्लं म्हणून साहेबांना सांगू, तेवढं सुचव. लालीबाईंचं नाव घ्यायची सोय नाही. त्या आतल्या झाडांपर्यंत कधी गेल्याच नव्हत्या.