वाडीच्या गाडीचं मागचं दार

१९ जानेवारी, रविवार

स्टेपनी! आजची सगळी सभा स्टेपनीवर झाली!

वाडीसाठी गाडी घ्यायची हे दिवाळीपासून चाललंय. कशासाठी, तर अॅम्ब्युलन्स खाली तिठ्यापर्यंतच येते. पुढे वाडीपर्यंत जांभ्याचा कातळ आणि उभी चढण. साधी गाडी मध्येच बसते. माणूस आजारी पडलं की चादरीची झोळी करून खाली न्यायचं. म्हणून चारी चाकं ओढणारी मोठी गाडी, जुनी का होईना. मुंबई मंडळ आणि गावमंडळ दोघांनी मिळून घ्यायची. इथपर्यंत सगळे शहाणे.

आज ओमकारने मोबाइल स्पीकरवर ठेवला. तिकडून मुंबई मंडळाचे अध्यक्ष महिपतकाका आणि त्यांचा पुतण्या विनीत. विनीतला गाड्यांचं वेड. म्हणे, "मागचं दार बाजूला उघडणारंच घ्यायचं. दारावर स्टेपनी टांगलेली. काय रुबाब असतो काका!" आणि काकांनी विचारलं काय? "स्टेपनीला गोल कव्हर येतं ना? त्यावर बाबांचं नाव छान बसेल."

कै. भिकाजी यांच्या स्मरणार्थ! पाण्याच्या टाकीवर आहे. बाकड्यांवर आहे. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आहे, फक्त पंखा लावला की वाचता येत नाही याचं काकांना वाईट वाटतं. आता स्टेपनीवर. आणि आमचे चिटणीस, म्हणजे माझे यजमान ओमकार, मान डोलावतायत!

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सातवा लागलाय. बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे. डॉक्टरबाईंनी परवाच बजावलंय — "रक्त दिसलं की उभं राहायचं नाही, बसायचं नाही. आडवं व्हायचं आणि आडवंच इथे यायचं. उशीर केलात तर दोघांनाही वाचवणं कठीण." हे ओमकारने ऐकलंय. स्वतःच्या कानांनी!

त्या गाडीत मागून मलाच सरकवायचंय. मला कोणी विचारलं?

२० जानेवारी

ओमकारशी बोलत नाहीये. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२४ जानेवारी

तपासणीला रत्नागिरीला गेलो होतो. बाळ ठीक. वार होती तिथेच.

येताना ओमकारला म्हटलं, भाड्याची गाडी फारुकभाईंकडे थांबवायला सांग. फारुकभाई जुन्या गाड्या विकतात, मंडळ त्यांच्याकडूनच घेणार आहे. ओमकार म्हणाला, "तू कशाला उन्हात?" मी उतरलेसुद्धा.

तीन गाड्या उभ्या होत्या. पहिली ती विनीतची लाडकी, मागे स्टेपनी मिरवणारी. दार कपाटासारखं बाजूला उघडतं. वजन केवढं! स्टेपनीसकट ओढायचं. दुसरीचं दार अख्खं वर जातं. बाजूला दोन दांडे आहेत, ते धरून ठेवतात. तिसरीचे दोन तुकडे — अर्धं वर, अर्धं खाली फळीसारखं पडतं. त्यावर बसून चहा प्यायला झकास. पण माणूस आत घालायचा तर त्या पडलेल्या फळीच्या बाहेर उभं राहून ओणवं व्हायला लागतं. चार जणांनी ओणवं होऊन मला ढकलायचं? नको रे बाबा.

फारुकभाई हसायला लागले. "वहिनी, मागचं दार बघून गाडी घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय. लोक बोनेट उघडतात."

"बोनेटमध्ये मला झोपायचं नाहीये, फारुकभाई."

मग हसले नाहीत. त्यांनीच सांगितलं, वर जाणाऱ्या दाराचे दांडे जुने झाले की दार डोक्यात बसतं, ते बदलून घ्या. आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते, चिखलात झोपून काढावी लागेल. चांगला माणूस. खोट लपवत नाही.

माझे बाबा राजापूर ते नाटे वडाप चालवायचे. जीपला मागे दारच नव्हतं, नुसती साखळी. बाळंतिणी, आजारी, कोंबड्या, सगळं मागून जायचं यायचं. म्हणून मला कळतं. पण आमच्याकडे बाईला गाडीतलं कळतं म्हटलं की बाप्ये छताकडे बघतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर मीच महिपतकाकांना फोन लावला. ओमकार खुणा करत होता, नको नको. लावला!

त्यांना सांगितलं की आमची वाट दोन गडग्यांमधली, दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेली आहे. गाडी देवळासमोर वळवून आणायची, म्हणजे घरासमोर ती तोंड खाली उताराकडे करून उभी राहणार. बाजूला उघडणारं दार अशा उतारावर उघडं राहत नाही, परत येऊन बसतं. आणि ते पूर्ण मागे न्यायचं तर गडगा आडवा.

काका शांतपणे म्हणाले, "सूनबाई, एवढा ताण घेऊ नये या दिवसात. तशी वेळ आलीच तर पुढच्या सीटवर बसवू तुम्हाला. सीट मागे पडते."

बसवू! डॉक्टर सांगते बसायचं नाही, हे म्हणतात बसवू! माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोन ठेवला. ओमकार म्हणाला, "मोठ्यांशी असं बोलतात?" मी तर काही बोललेच नव्हते! बोलणार होते ते आता इथे लिहिते — तुमच्या स्टेपनीला आग लागो.

२७ जानेवारी

ओमकार म्हणतो, "बघू." त्याचं बघू म्हणजे काय ते लग्न झाल्यापासून बघतेय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मजा झाली. राग पण आला. दोन्ही.

विनीत मुंबईहून आला आणि ती स्टेपनीवाली गाडी फारुकभाईंकडून चालवायला म्हणून घेऊन वर आला. चढली मात्र झकास, खोटं कशाला बोलू. वळवून आमच्या दारात उभी केली. सगळी वाडी जमली. विनीतने दार उघडलं, "बघा!" म्हणाला, हात सोडला — दार धाडकन बंद! परत उघडलं. परत बंद. मग म्हणतो, "एकाने धरून ठेवायचं, त्यात काय."

मी पडवीतली फळी आणायला सांगितली. म्हटलं, मी निजते, मला आत घालून दाखवा. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. या सोनूबाई जन्मात कधी माझ्या बाजूने बोललेल्या नाहीत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "तू ऱ्हा बाजूला. मी निजतंय." आणि झोपल्या की फळीवर, हात छातीवर ठेवून!

चौघांनी उचललं. विनीत दार धरून. आता दाराच्या बाजूचे दोघे जाणार कुठून? दार आणखी उघडेना, गडगा. त्यांना फळी आणि दार यांच्यामधून घुसायचं होतं. फळी वाकडी झाली, सासूबाई घसरल्या. "मेल्यांनो, टाकताव काय मला? पाय धरा, पाय!" विनीतने घाबरून त्यांना धरायला हात सोडला आणि दार आलं ते सरळ ओमकारच्या कोपरावर.

सगळे हसले. सासूबाई फळीवरूनच ओरडल्या, "हसताव कसले? ही जागा माज्या सुनेची हाय!" मग चौघांनी त्यांना अलगद खाली ठेवलं.

मला रडायला आलं. आत जाऊन रडले. रागाने की कशाने काय माहीत. त्यांच्यासाठी चहात आलं जास्त घातलं.

३ फेब्रुवारी

ओमकारचं कोपर सुजलंय. शेक दिला. आता दार कसं ते कळलं असेल!

९ फेब्रुवारी

ठरलं. वर उघडणारं दार.

पण कसं ठरलं ते लिहिलं पाहिजे. सासूबाई फळीवरून घसरल्या म्हणून नाही. माझ्या पोटात बाळ आहे म्हणून नाही. विनीतने काकांना पटवलं, "काका, कव्हर काय एवढंसं गोल. वरचं दार अख्खं सपाट आहे. नाव केवढं मोठं येईल! आणि दार उघडलं की नाव आभाळात, लांबून दिसेल."

काका लगेच तयार!

विनीत मला फोनवर म्हणाला, "वहिनी, त्यांना असंच सांगावं लागतं." मला माहितेय त्याने माझ्यासाठी केलं. फळीचा प्रकार झाल्यापासून पोरगा शरमलाय. पण माझा राग जात नाही. माणसाचा जीव पुरत नाही यांना, नाव पुरतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली. हार, नारळ, हळदकुंकू. मागच्या दारावर भिकाजीआजोबा या टोकापासून त्या टोकापर्यंत. दांडे फारुकभाईंनी नवीन बसवून दिलेत.

सगळे पांगल्यावर मी एकटी गेले आणि दार उघडून पाहिलं. बोटांनी कळ दाबली, थोडंसं उचललं, पुढे आपलं आपण वर गेलं. आत सीट पाडून गादी घातलेली. फळीची लांबी बरोबर बसते. छान वाटलं. खरंच छान वाटलं. खूप दिवसांनी नीट श्वास घेतला. आठव्यात श्वास तसाही पुरत नाही म्हणा.

ओमकार मागून येऊन म्हणाला, "आता झालं ना तुझ्या मनासारखं?"

माझ्या मनासारखं! जशी काही मी पैठणी मागितली होती.

२५ फेब्रुवारी

गाडीत सिमेंटच्या गोण्या! देवळाच्या पायरीचं काम, म्हणून. गादी काढून ओट्यावर टाकलेली, वर कोंबडी बसलेली.

मी चिटणिसांना विचारलं, गाडी कोणासाठी घेतली? चिटणीस म्हणाले, "एक खेप तर आहे. नुसती उभी ठेवून बॅटरी उतरते." कोण शिकवतं यांना ही उत्तरं? गोण्या उतरवायला लावल्या, गादी झटकून परत घातली. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर ओमकारच्या मोबाइलवरून मीच टाकलं — गाडी आजाऱ्यांसाठी आहे, इतर कामाला मिळणार नाही. खाली अंगठेच अंगठे. महिपतकाकांचे जोडलेले हात.

५ मार्च

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता रत्नागिरीतच येऊन राहा. ओमकारची मावशी आहे तिथे, पण तिच्याकडे शिमग्यापर्यंत पाहुणे. म्हणजे शिमगा झाला की जायचं. ओमकार म्हणाला, "आठवड्याचा तर प्रश्न आहे. आणि दारात गाडी आहे."

हे मात्र खरं. दारात गाडी आहे.

१० मार्च

मुंबईकर बुधवारी येतायत. पालखीसाठी दरवर्षी येतात तसे. महिपतकाकांचा फोन — "ओमकार, म्हातारी माणसं आहेत बरोबर, सामान आहे. एसटीने तिठ्यापर्यंत यायचं, मग चढायचं, जमणार नाही. गाडी पाठव स्टेशनला."

मी समोरच उभी होते. ओमकार म्हणाला, "हो काका."

हो काका! मी म्हटलं, अंगठे दाखवले होते ना सगळ्यांनी? तो म्हणाला, "त्यांच्याच पैशाने आलेली गाडी. त्यांना नाही कसं म्हणू? तूच सांग." मी सांगितलं असतं. मला फोन द्यायला हवा होता. दिला नाही.

भांडून भांडून घसा बसला. सासूबाई पण त्याला बोलल्या. तो खाली मान घालून नखं कुरतडतो. त्याच्यावर ओरडावं तर तो असा बसतो की मलाच दुष्ट वाटायला लागतं. हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, सोपं गेलं असतं.

१२ मार्च, बुधवार

गेला स्टेशनला. जाताना म्हणाला, "असा गेलो आणि असा आलो." मी तोंड फिरवलं. गादी काढून ठेवून गेलाय.

१६ मार्च, सिव्हिल

मुलगी झाली. काचेच्या पेटीत आहे. डॉक्टर म्हणतात, अजून काही सांगता येत नाही.

बुधवारी गाडी गेल्यावर दोनेक तासांनी रक्त सुरू झालं. सासूबाईंनी माणसं गोळा केली, झोळी केली. अर्ध्या उतारावर गाडी समोरून चढत आली. ओमकारने उडी मारली, धावत मागे गेला. दार एका हाताने उघडलं, सरळ वर गेलं. आत छपरापर्यंत बॅगा होत्या.