अकोल्याहून आणलेली बिडाची चूल

पौष व. ४, शके १७८५, अमरावती

चूल आली एकदाची, ओतीव लोखंडाची, बिडाची. अकोल्याच्या साहेबाच्या लिलावात घेतली तेव्हा वाटलं होतं, आणणं काय, गाडीत टाकली की झालं. पण गाडी मिळेल तर ना! वऱ्हाडातल्या झाडून साऱ्या गाड्या कापसाच्या मागे. शेवटी एका गाडीवाल्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यानं ती दाराबाहेर रस्त्यात उताणी टाकली आणि म्हणाला, "वकीलसाहेब, कापूस असता तं आत नेऊन देल्ला असता."

आईनं उंबऱ्यातूनच पाहिलं. "हे भूत काहून आणलं रे वासू?"

काहून म्हणजे? वैद्यानं बायकोचे डोळे पाहून स्पष्ट सांगितलं, धूर असाच खात राहिली तर नजर जाईल. तिशी उलटली नाही अजून. या चुलीचा धूर नळीतून थेट बाहेर जातो, साहेबाकडे या डोळ्यांनी पाहिलंय.

पौष व. ५

पेटवली. सगळा धूर घरात. ही पदर तोंडावर घेऊन अंगणात पळाली, डोळे कुंकवासारखे. "तुमच्या चुलीपरीस माही मातीची बरी."

दुपारी समजलं, नळीत एक झडप आहे आणि ती बंद होती. मीच बंद केली होती, ठिणगी वर जाऊ नये म्हणून.

पौष व. ८

गावभर पऱ्हाट्या जळतात, फुकटच्या. तोंडापर्यंत कोंबल्या. कापसाचीच काडी ती, भडकली. नळी लाल झाली, वरून ठिणग्या. आणि भिंतीपलीकडे किसनदास आडत्याच्या कापसाच्या गंज्या! तो धोतर सावरत आला. "वकीलसाहेब, पुन्हा ठिणगी उडाली तर ही चूल मी स्वतः उचलून रस्त्यात ठेवीन." माणूस बरोबर बोलला याचाच जास्त राग आला. कोर्टात मी लोकांना सबुरी शिकवतो.

ठरवलं: नळीच्या तोंडाला तारेची जाळी. पऱ्हाट्या फक्त पेटवायला. वर बाभळीच्या फोडी, दोन-दोनच.

पौष व. ११

लाकूडवाला शपथेवर म्हणाला, वाळलेली आहे. चुलीत घातली तर टोकांतून पाणी उकळून राहिलं. नळी आतून चिकट काळी. सांध्यातून एक थेंब माझ्या पगडीवर, तीही कोर्टात जायच्या वेळी. लोक पगडीकडे पाहत होते, पक्षकारसुद्धा.

फोडी आता छपरावर वाळत घातल्यात. आई म्हणते, लाकडाचं लोणचं घालतो का.

पौष व. ३०

साधली. मला नाही, हिला. आधी झडप आणि खालचं राखेचं दार दोन्ही उघडी, बारीक काड्या, मग फोड. जाळ धरला की झडप अर्धी. तळाला थोडी राख राहू देते. मी हात घालायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. आज सुईत दोरा स्वतः ओवला. फार बरं वाटलं.

पण अर्धंच. नैवेद्याचा स्वयंपाक मातीच्या चुलीवरच, असा आईचा हट्ट. म्हणजे हिला रोज सोवळ्यात पुन्हा धुरात बसणं आलंच. मी भांडलो. आई म्हणाली, "मातीची चूल रोज सारवते मी. याले सारवता येत नाई, तं हे शुद्ध कसं होईन?" यावर कुठला कायदा लावू?

माघ शु. ५

जेवताना हिनं तूप वाढलं ते आईच्या भाताच्या शेजारी, पानाबाहेर. तिला कळलंही नाही. आई पाहत राहिली. मग बोटानं तूप पुसून घेतलं आणि जेवली.

माघ शु. ७, रथसप्तमी

दरवर्षी आई अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालते. आज बोळकं घेऊन आत आली आणि स्वतःच्या हातानं लोखंडी चुलीवर ठेवलं. मी विचारलं, "देवाले चालत नाई म्हणत होतीस ना?"

"सूर्याचं ऊन काय, लोखंडावरही पडते."

मला इतका आनंद झाला की दूध उतू जायचंच आहे हे डोक्यात आलं तेव्हा ते काठावर आलं होतं. "आई, तापल्या बिडावर—" एवढंच म्हणालो. चर्रर्र, आणि मग टणकन. वरच्या पत्र्याला तोंडापासून नळीपर्यंत चीर. आई हात जोडूनच उभी. "फुटली का रे?"

चिरेतून धूर. सरळ हिच्या तोंडावर.

चिडायचं तरी कोणावर? इतक्या दिवसांत पहिल्यांदा आईनं माझं ऐकलं होतं.

माघ शु. ८

लोहार सगळे कापसाच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात. एकानं मान वर न करता सांगितलं, बीड सांधता येत नाही. ही दोन्ही वेळा मातीच्या चुलीपाशी. रात्री डोळे उघडवत नव्हते.

माघ शु. ९

कोर्टातून आलो तर ही अंगणात तांदूळ निवडत बसलेली. आत धूर. मातीच्या चुलीपाशी आई एकटी, खोकत, डोळ्यांतून धारा.

बिडाची चूल थंड, आणि चिरेवर जाड लेप. पांढरी माती, राख, शेण, आणि त्यात पिंजलेला कापूस, धरून राहावं म्हणून. कापूस आईनं किसनदासाकडून मागून आणला, स्वतः जाऊन.

"आता सारवली," आई म्हणाली. "आता देवालेही चालते."

मी म्हटलं, तू तरी ऊठ धुरातून.

"माह्या डोळ्याले आता काय पाह्याचं उरलं? जा, लेपाले हात लावू नको."

लावला. अजून ओला आहे. टिकेल का, कोण जाणे. उद्या लहान जाळ.