आईंचा जपान

१२ ऑक्टो.
व्हिसाचे अर्ज दिले. तीन. निखिल, इरा, मी. सासूबाईंनीही आपला फॉर्म भरून, सही करून, फोटो चिकटवून माझ्याकडे दिला होता. तो माझ्या ऑफिसच्या बॅगेत तसाच आहे. नि.ला म्हटलं, "लग्नाच्या अकरा वर्षांत एकदा तरी आपण तिघंच जाऊ." तुआसला कामावरून दमून आला होता. म्हणाला, "मग आईला तूच सांग." म्हणजे चालेल.

२० ऑक्टो.
आईंची वही भरत चाललीय. साताऱ्याला तीस वर्षं भूगोल शिकवला, जपान फक्त फळ्यावर काढला. कानाझावाच्या बागेत बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोर बांधतात, ते बघायचंय. जेवताना हेच. इरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी वॉक्स सो स्लो लाह." मी हसले. आईही हसल्या. "गुडघ्यांना सांगून ठेवलंय," म्हणाल्या.
पाच वर्षं माझ्याच घरात माझी वाक्यं दुरुस्त होतायत. एक आठवडा नको?

२ नोव्हें.
सांगून टाकलं. "आई, तुमचा व्हिसा नाकारला."
"कारण?"
"ते कारण देत नाहीत."
"वय असेल." त्याच म्हणाल्या. मी हो म्हटलं. इतकं सोपं.
संध्याकाळी वही माझ्या हातात. मियाजिमाला समुद्रात कमान उभी आहे, तिथे कुठल्या तारखेला किती वाजता भरती, सगळं लिहिलंय. "वेळ चुकवू नका गं. ओहोटीला नुसता चिखल."
वाईट वाटायला हवं होतं. मोकळं वाटलं.

२४ नोव्हें., कानाझावा
दोर खरंच बांधलेत. प्रत्येक झाडावर छत्रीच्या नुसत्या काड्या उघडल्यासारखे. फार सुंदर. नि. म्हणाला, "आईला फोटो पाठव." मी म्हटलं, तू पाठव. कोणीच पाठवला नाही.

२७ नोव्हें., अमानोहाशिदाते
टेकडीवर पाठ करून वाकायचं आणि पायांमधून बघायचं. खाडीतला वाळूचा पट्टा आभाळात टांगलेल्या पुलासारखा दिसतो. इराने तीनदा पाहिलं. "आजीला जमलं असतं?" "नाही."
खूप आनंदात आहे. लिहायला लाज वाटत नाही.

२९ नोव्हें., मियाजिमा
उशिरा पोचलो. मीच दुकानात रेंगाळले. मोठी लाल कमान चिखलात उभी. नि. वैतागला, "वहीत वेळ होती ना?"
"वही घरीच राहिली, हौगांगला."
राहिली नाही. ठेवली.

३ डिसें., घरी
आम्ही नव्हतो तेव्हा शेजारच्या लिम आंटी रोज आईंना पेज आणून द्यायच्या म्हणे. दोघींची गट्टी जमलीय.
आईंनी एकच विचारलं. "कमान पाण्यात होती?"
"हो. छान भरलं होतं."
"किती वाजता गेलात?"
"चार."
"बरं झालं," म्हणाल्या आणि उठल्या. त्या दिवशी चारला पाणी नव्हतं, हे त्यांना पाठ असणार.

९ डिसें.
लिम आंटींचा ग्रुप एप्रिलमध्ये जपानला चाललाय. आईंना बोलावलंय. आई सकाळीच टूरवाल्यांचा फॉर्म घेऊन टेबलाशी बसल्या. नि.चा चेहरा पडला. अंघोळीला म्हणून गेला.
सगळा फॉर्म भरलेला, त्यांच्या मास्तरणीच्या अक्षरात. एकच रकाना रिकामा. याआधी जपानचा व्हिसा नाकारला गेलाय का?
"खोटं लिहून चालणार नाही म्हणतात," आई म्हणाल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "तू सांग. होय लिहू की नाही?"
आवाज चढलेला नाही. वर्गात नापास पोरीला विचारतात तसा.
म्हटलं, "कुकर बघून आले."
कुकर लावलेलाच नाही. ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. बाथरूमचा नळ केव्हापासून चालू आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आलेला नाही. पेन हातात धरून थांबल्यात.