ज्या टाईपात उमेदवार, त्याच टाईपात देणगीदार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा छपाई, या कागदाने जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी न अडखळता दोनपर्यंत उतरले, आणि त्यांच्या दारावरची पाटी वाकडी छापली आहे हेही जाता जाता सांगितले. हृदय मात्र त्यांच्या मते थकले आहे. हे मृत्युपत्र मी कुणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आला होता, पण तो आणणाऱ्याची व्यवस्था कलम तीनमध्ये केली आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्या दोन्हींत छापखाना मुलाच्या नावे होता. माझ्यामागे छापखाना कुणाच्या हातात जातो, याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम एक. छापखान्यावरच्या तीन खोल्या आणि गच्ची माझ्या नातीला. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी सरळ लागत नाही, दार थोडे उचलून दाबावे लागते. सुतार तीनदा येऊन गेला, त्याच्या नादी लागू नये. माझी शिलाई मशीन हवी तर ठेवावी, नको तर गरजू बाईला द्यावी, पण भंगारात घालू नये.

कलम दोन. छापखाना, म्हणजे तळमजल्याची जागा, दोन्ही छपाईची यंत्रे, कटिंग मशीन, कागदाचा साठा आणि दारावरची पाटी, मी शाईदादांना देते. शाईदादा गेली एकतीस वर्षे आमच्याकडे मशीन चालवतात. कितीही घासले तरी त्यांच्या नखांतली शाई जात नाही, म्हणून हे नाव. हे कलम वाचून गावातले बरेच जण कपाळाला हात लावतील. ज्याच्या चुकीने छापखाना बुडता बुडता राहिला त्यालाच छापखाना दिला, म्हातारीला भ्रम झाला, असे म्हणतील. म्हणून अठरा वर्षांपूर्वी काय घडले ते येथे लिहून ठेवते.

त्या वर्षी आमच्या वॉर्डात दोन तगडे उमेदवार होते, चष्मेवाले आणि प्राध्यापक. दोघांमधून विस्तव जात नव्हता. सभांमधून एकमेकांची सालटी काढत. आणि दोघांच्याही पत्रकांचे पैसे देत होता एकच माणूस, कंत्राटदार. त्याला बाजाराच्या मैदानावर दुकानांची इमारत उठवायची होती. कुणीही निवडून आला तरी तो आपल्याच खिशातला असावा, म्हणून त्याने दोघांनाही देणगी दिली होती. दोघांना ती घेताना काही वाटले नाही, आणि मैदानाचा विषय दोघांच्याही भाषणातून आपोआप गळाला.

लोक तेव्हा मत कसे देत, हेही सांगते, कारण मीही तशीच देत असे. ज्याची पत्रके दाराखालून जास्त येतात, ज्याचा फलक चौकात मोठा, तोच येणार असे धरून चालायचे. मग येणाऱ्यालाच मत द्यायचे, उगाच वाया कशाला घालवा म्हणून. मी स्वतः छापलेल्या फलकांना भुलून दोनदा मत दिले आहे. फलकामागे पैसा कुणाचा आहे, हे विचारायचे असते हेच कुणाला सुचत नव्हते.

आमच्याकडे ऑर्डरची कार्डे उमेदवाराच्या नावाने लावत नाहीत, पैसे देणाऱ्याच्या नावाने लावतात. ही माझ्या नवऱ्याची पद्धत. पडलेला उमेदवार शोधून सापडत नाही, पैसे देणारा घरीच असतो, असे ते म्हणत. त्या दिवशी खणात कंत्राटदाराच्या नावाखाली दोन कार्डे लागोपाठ होती. शाईदादांना वाटले काम एकच आहे, आणि त्यांनी ते पाठपोट छापायला घेतले. मी सकाळी खाली आले तेव्हा दुसरी बाजू नुकतीच चढली होती. दीडशे कागद निघाले होते. पुढून पाहावे तर चष्मेवाले हसताहेत, उलटून पाहावे तर प्राध्यापक हसताहेत.

शाईदादांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, दोन्ही कार्डं एकाच नावाची होती. मला वाटलं, एक पुढची बाजू, एक मागची."

मी तो कागद चार वेळा उलटसुलट केला. इतके खरे पत्रक आमच्या छापखान्यातून त्याआधी कधी निघाले नव्हते.

"चालू द्या मशीन," मी म्हणाले.

"सगळी पाच हजार?"

"सगळी."

म्हणजे हे मी केले. पहिले दीडशे कागद ही शाईदादांची चूक, उरलेले चार हजार आठशे पन्नास माझे. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी गठ्ठे न वाचता घरोघर सारले, कारण त्यांना पत्रके वाटायची नव्हती, संपवायची होती. दुपारपर्यंत बाजारात दुसरा विषय नव्हता. हे दोघे एका कागदावर कसे, असे जो तो विचारायला लागला, आणि ज्याने छापखान्यात येऊन विचारले त्याला मी खणातली दोन कार्डे दाखवली. त्या निवडणुकीत दवाखान्यातल्या नर्सबाईही उभ्या होत्या. आपल्या पगारातून, कापून उरलेल्या कागदावर, त्यांनी तीनशे पत्रके छापून घेतली होती. त्या नऊशे मतांनी निवडून आल्या. मैदान मैदानच राहिले. आज सकाळी मी तिथूनच भाजी आणली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी कंत्राटदार तणतणत आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शाईदादा पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी. मी कार्डं नीट वाचली नाहीत." मालकिणीने मुद्दाम केले असे निघाले असते तर कोर्टकचेरी होऊन छापखान्याला टाळे लागले असते. कामगाराची चूक ही नुसती चूक ठरली. मी गप्प बसले. आयुष्यात मला लाज वाटावी अशी ही एकच गोष्ट आहे, आणि ती अठरा वर्षे पुरली. कंत्राटदाराने शब्द टाकून आमची कामे तोडली. दोन वर्षे आम्ही लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर काढली. मुलाला कॉलेज सोडून टेम्पो चालवावा लागला. तेव्हापासून तो शाईदादांना तोंडावर आंधळा म्हणायचा, आणि शाईदादा ऐकून घ्यायचे.

त्यानंतर मी नियम केला. आमच्याकडे छापलेल्या प्रत्येक पत्रकावर पैसे कुणी दिले ते छापायचे, आणि उमेदवाराचे नाव ज्या टाईपात, त्याच टाईपात. सुरुवातीला उमेदवार रस्ता ओलांडून पलीकडे जात. मग मतदारच विचारू लागले, "मावशींकडे का नाही छापलं? काय झाकताय?" गेल्या दोन निवडणुकांत या वॉर्डातला एकही उमेदवार दुसरीकडे छापायला गेलेला नाही. जायची कुणाची छाती नाही. हे लिहिताना मला हसू येते आहे आणि ते आवरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

शाईदादांना छापखाना देताना माझ्या दोन अटी. हा नियम मोडू नये. आणि हे कलम दोन माझ्या मृत्यूनंतर हजार प्रतींत छापून घरोघर वाटावे, म्हणजे त्यांच्यावरचा आळ माझ्यावर येईल. पैसे मी दिले, असे त्यावर मोठ्या टाईपात घालावे.

कलम तीन. त्या पत्रकांच्या प्रती कंत्राटदाराने माणसे पाठवून घराघरांतून परत गोळा केल्या होत्या. माझ्याकडे अकरा आहेत. त्यातली एक दोन्ही बाजूंनी काच लावून फ्रेम केली आहे, ती कंत्राटदाराला द्यावी. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर न लावता मधोमध टांगावी, म्हणजे येणाऱ्याला फिरून पाहता येईल. उरलेल्या दहा शाळेला द्याव्यात.

कलम चार. बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून, ज्या उमेदवाराकडे पैसा नाही त्याची पहिली हजार पत्रके फुकट छापावीत. ही देणगीच झाली, हे मला समजते. म्हणून त्यावर माझे नावही उमेदवाराइतकेच मोठे घालावे, मेल्यावर मला सूट नको. निवडून आल्यावर मी काही मागायला येणार नाही, एवढी हमी दुसरा कुठलाही देणगीदार देऊ शकत नाही.

कलम पाच. माझा मुलगा. या निवडणुकीला तो उभा आहे. महिन्यापूर्वी कंत्राटदार माझ्याकडे आला, समोरच्या खुर्चीत बसला आणि मुलाचा सगळा खर्च उचलतो म्हणाला. बदल्यात माझ्यामागे छापखाना मुलाकडून त्याला विकत हवा होता. मुलाने त्याला जवळजवळ होकार दिला होता. मी नाही म्हटले, तर कंत्राटदार म्हणाला की मग तुमचा मुलगा आपटेल आणि त्याचे खापर तुमच्या डोक्यावर फुटेल.

संध्याकाळी मुलगा पत्रकाचा मजकूर घेऊन आला. देणगीदाराचे नाव तेवढे गाळ, म्हणाला.

"त्याला नाव का नको आहे?" मी विचारले.

"आई, पैशाशिवाय निवडणूक होत नाही."

"नाहीच होत. कुणाच्या पैशावर लढतोस ते सांग आणि लढ."

तो चिडला. आंधळ्याच्या चुकीने माझं कॉलेज गेलं, आता तुझ्या नियमाने निवडणूक जाईल, म्हणाला. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितले की मशीन चालू ठेवायला मी सांगितले होते. तो उठून मशीनकडे गेला. शाईदादांशी काय बोलला ते यंत्राच्या आवाजात मला ऐकू आले नाही. शाईदादांनी मशीन बंद केले आणि डोळे पुसले, एवढे दिसले.

पाचव्या दिवशी तो नवा मजकूर घेऊन आला. कंत्राटदाराला त्याने नकार कळवला होता. खाली त्रेसष्ट नावे होती: भाजीवाल्या, शिंपी, पोस्टमन, त्याचे टेम्पोवाले मित्र, निवृत्त नर्सबाई. उमेदवाराइतक्याच टाईपात त्रेसष्ट नावे बसेनात, तर कागद दुप्पट मोठा घ्यावा लागला. एवढे बेढब आणि एवढे देखणे पत्रक मी उभ्या जन्मात छापले नाही. निकाल उद्या आहे. तो काहीही लागो, मी आजच जिंकले आहे.

या मृत्युपत्राच्या मसुद्यात मी मुलाला माझी स्कूटर आणि त्याच्या वडिलांचे घड्याळ ठेवले होते. आज वकीलबाई कागद घेऊन आल्या तेव्हा तो म्हणाला, साक्षीदाराची सही मी करतो. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, दिलेले हातचे जाते. मुलगा म्हणाला, "मग माझं नाव खोडा." मी स्वतः खोडले आणि शेजारी सही केली. स्कूटर आणि घड्याळ नातीला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

ठिकाण: छापखान्याचा तळमजला, मोठ्या मशीनशेजारचे टेबल
दिनांक: अकरा, मतमोजणीचा आदला दिवस

सही: छापखान्याची मालकीण

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. पाटी मी बदलून घेतली आहे.

साक्षीदार दुसरा: मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. छापखाना शाईदादांना जातो. यात मला काहीही मिळत नाही, हे मी दोनदा वाचले आहे, आणि म्हणूनच मला ही सही करता येते आहे.